मोसंबी आली म्हणजे रडार बंद

हिवाळे साहेब पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या सासूबाईंना भर झोपेतून उठवलं. जेवणं उरकली होती, खिडकीतून बरा वारा येत होता आणि पंखा उगीच फिरतोय असं साहेबांना वाटलं. दुसरा कोणी असता तर बटण दाबून मोकळा झाला असता. साहेब बटणापाशी गेले, त्यावर बोट ठेवलं आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "खाली कोण कोण हाय?"

मी म्हटलं, "कशाच्या खाली?"

"पंख्याच्या. बंद करायचं म्हणून राह्यलो. तुमचं काही न्हाई ना?"

माझं काही नव्हतं. नवऱ्याचंही काही नव्हतं. मुलीनं वहीतून मान वर न काढता 'नाही' म्हणून सांगितलं. राहिल्या सासूबाई. त्या कोपऱ्यातल्या पलंगावर गाढ झोपल्या होत्या. साहेब त्यांच्या उशाशी गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "मावशी, ओ मावशी, झोप लागली का?"

सासूबाई दचकून उठल्या. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं. पंखा बंद करू का?"

सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा माणूस तू घरात आणलास, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. "करा," त्या म्हणाल्या. साहेबांनी समाधानानं बटण दाबलं, खुर्चीत येऊन बसले आणि जरा वेळानं परत सगळ्यांची चौकशी केली, की उकडत तर नाही ना कोणाला. त्यानंतर साहेब येणार असले की सासूबाई दुपारची झोपच घेत नाहीत.

हे माझे साहेब. धावड्याच्या वर डोंगरावर आमचं रडार आहे, तिथले ते प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखालची इंजिनीअर. एक भलामोठा जाळीचा पंजा तिथं दिवसरात्र गोल फिरत असतो. आकाशातून जाणारी विमानं तो टिपतो आणि ती नागपूरला बसलेल्या कंट्रोलर लोकांच्या पडद्यावर ठिपके होऊन उमटतात. ते ठिपके बघून ती माणसं पायलटांना सांगतात, तू वर जा, तू थांब, तू डावीकडून घे. धावड्याच्या लोकांना मात्र अजून वाटतं की आम्ही वर बसून पाऊस बघतो. ढग आले की बायका मला रस्त्यात अडवून विचारतात, "ताई, येतो का आज?" मी सुरुवातीला खरं सांगायची. आता म्हणते, संध्याकाळपर्यंत बघू.

रडार हे यंत्र आहे, त्यामुळे त्याला तेलपाणी लागतं, साफसफाई लागते. त्यासाठी ते मधूनमधून बंद ठेवावं लागतं. त्याला आम्ही शटडाऊन म्हणतो. आणि शटडाऊन ठरवणं हे हिवाळे साहेबांच्या आयुष्यातलं मुख्य काम होतं. नोकरीत लागल्या लागल्या त्यांनी एका शटडाऊनच्या वेळी नागपूरच्या फोनवर तिकडचा गोंधळ ऐकला होता. आमचं रडार बंद झालं की नागपूरच्या पडद्यावर आमच्या भागाला भोक पडतं. विमानं तर जातच असतात, फक्त दिसेनाशी होतात. मग कंट्रोलर लोक कागदाच्या पट्ट्या समोर मांडतात, प्रत्येक पायलटला विचारतात, बाबा कुठं आहेस, किती उंचीवर आहेस, पुढच्या ठिकाणी कधी पोचशील, आणि सगळं आकाश डोक्यात धरून बसतात. दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, मागच्यांना थोपवतात, बोलून बोलून त्यांचा घसा बसतो. त्या दिवशी फोनवरच्या माणसाला शेवटी शेवटी आवाजच फुटत नव्हता. ते साहेबांच्या मनात जे बसलं ते बसलं.

"आपुन इथं एक खटका वडतो, ताई," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आन् तिकडं माणसं आंधळी होतेत. म्हणून बंद करायच्या आधी इचारायचं. सांगून बंद केलं तर तरास होतो. न सांगता बंद पडलं तर जीव जातो तेंचा."

इथपर्यंत कोणालाही पटेल. पण साहेबांनी हे तत्त्व रडारपाशी ठेवलं नाही, ते गावभर लावलं. धावड्यात वीज जाते ही काही बातमी नाही. पण साहेब राहायला आल्यावर त्यांनी लाइनमनला गाठलं आणि विचारलं, "तू डीपी बंद करतूस, खाली कोण हाय ते इचारलं का?" लाइनमन म्हणाला, "खाली सगळं गाव हाय." "मंग गावाला इचार." लाइनमन हसला. साहेब हसले नाहीत. ते आठवडाभर रोज सकाळी त्याच्या दारात जाऊन बसले. शेवटी कंटाळून लाइनमन भोंग्यावरून सांगायला लागला, की उद्या दुपारी लाइट बंद राहील, कोणाचं दळण असेल, कोणाची मोटर असेल, आधी उरकून घ्या. आता पंचक्रोशीत आमचं एकच गाव असं आहे, जिथं लाइट सांगून जाते. न सांगताही जाते, पण मग लाइनमन दोन दिवस साहेबांच्या घरावरून जात नाही.

मी नवीन होते तेव्हा डबा खाताना साहेब घरच्यांबद्दल फार बोलायचे. "संगीताचा उपास हाय उद्या, तिचं डोकं दुखतंय उपासाला." "जोशीचं पोरगं दहावीला हाय, त्याला झोप न्हाई." "थॉमसची कंबर धरलीय, बसवत न्हाई त्याला." मी मनात म्हणे, काय हे खटलं! पोरीसुना, जावई, आणि कोणीतरी थॉमसशीही लग्न केलेलं दिसतंय. एकदा सहज विचारलं, "साहेब, संगीता तुमची थोरली का?"

"संगीता? ती कंट्रोलर हाय. सकाळच्या पाळीला असती."

"आणि जोशी?"

"तो बी तिथलाच."

तो सगळा गोतावळा नागपूरचा होता. आणि साहेबांनी त्यातल्या एकालाही कधी पाहिलेलं नव्हतं. ओळख काय ती फोनवरची. पलीकडून नुसतं 'हॅलो' आलं की साहेब सांगत, कोण आहे, कशी झोप झाली आहे आणि आज शटडाऊनचं नाव काढावं की नाही. प्रत्येक जण दिसायला कसा असेल तेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. थॉमस दाढीवाला. संगीता किडकिडीत. आणि तिथल्या प्रमुख घाटे मॅडम बुटक्या. "एवढा मोठा आवाज बुटक्या माणसालाच असतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

शटडाऊनची तारीख ठरवायची म्हणजे एखाद्या घरात लग्नाची तारीख काढावी तसा प्रकार चाले. चतुर्थीला नको, निम्मी पाळी उपाशी. दिवाळीच्या आसपास नको, विमानं फार आणि माणसं रजेवर. क्रिकेटची मॅच असेल त्या दिवशी नको, कारण विचारायचं नाही. परीक्षेच्या दिवसांत जोशीच्या पाळीला नको. रात्री परदेशी विमानांची रांग, म्हणून दुपारीच. असं सगळं गाळून जो एखादा गुरुवार उरे, तो घेऊन साहेब फोनपाशी जात, खाकरत, आणि घाटे मॅडमना लावत.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम, हिवाळे. नाही म्हणजे नाही."

"मी आजूक काही बोल्लो बी न्हाई."

"तुम्ही खाकरलात. बाप्पा, माझ्याकडे माणसं नाहीत. पुढच्या महिन्यात बघू."

मग अर्धा तास भांडण. साहेब कधी आवाज चढवत नसत, मॅडम कधी उतरवत नसत. शेवटी तारीख ठरे. मग साहेब फोन ठेवण्याआधी विचारत, "ठेवू का मॅडम?" आणि मॅडम म्हणत, "ठेवा एकदाचा."

तारीख ठरली की मोसंबी निघे. साहेबांचं घर मंठ्याला. घरामागं मोसंबीची थोडी झाडं. शटडाऊन गुरुवारी असेल तर मंगळवारी पोतं नागपुरात पोचलंच पाहिजे, असा नेम. बोलून बोलून घसे बसतात, तर मोसंबी सोलून खा, एवढाच त्यामागचा विचार. साहेब रविवारी मंठ्याला जात, झाडावर चढून स्वतः फळं उतरवत, पोतं शिवत आणि नागपूरच्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या हवाली करत. संत्र्याच्या गावाला कोणी मोसंबी पाठवतं का, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "त्यायची संत्री त्यायला सस्ती. आपली मोसंबी आपली हाय."

याचा परिणाम असा झाला, की नागपूरच्या कंट्रोल रूमला मोसंबीची धास्ती बसली. दारात पोतं दिसलं की लोक कपाळाला हात लावत. "आलं शटडाऊन!" थॉमसच्या बायकोनं घरी एकदा बाजारातून मोसंबी आणली, तर त्यानं म्हणे विचारलं, कधी आहे? तिथं आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला जुने पहिल्याच आठवड्यात शिकवत, की चिठ्ठीचपाटी, फोन, हुकूम काही येवो न येवो, मोसंबी आली म्हणजे रडार बंद. तयारीला लागायचं.

आता मूळ गोष्टीकडे येते. साहेबांच्या निवृत्तीचा महिना आला आणि त्याच सुमारास पंजा फिरवणारी मोटर कुरकुरायला लागली. बेअरिंग झिजलं होतं. आमच्याकडे शेख भाई म्हणून जुने मेकॅनिक आहेत, त्यांनी मोटरीला कान लावला आणि म्हणाले, "अभी चलेगा. पण कवर चलेगा, सांगता येत न्हाई." नवीन बेअरिंग स्टोअरमध्ये आलेलं होतं. फक्त ते बसवायला नेहमीपेक्षा लांबलचक शटडाऊन हवं होतं.

साहेबांनी अर्ज पाठवला. मॅडमनी नाही म्हटलं. साहेबांनी पुन्हा फोन केला. पुन्हा नाही. या वेळी मॅडमचंही खोटं नव्हतं. लांब शटडाऊनला जादा माणसं लागतात आणि त्यांच्याकडे दोन जण आजारी, काही ट्रेनिंगला, उरलेले ओढून ताणून पाळ्या भागवणारे. "माणसं दमलेली असताना मी त्यांना आंधळी नाही करणार, हिवाळे. तुम्हीच शिकवलंय ना हे?" यावर साहेबांनी फोन खाली ठेवला. फोन ठेवायची परवानगी मागायलाही ते विसरले, आणि असं मी प्रथमच पाहिलं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. जेवताना मध्येच थांबून मोटरीचा आवाज ऐके. "मी गेल्यावर बंद पडलं तर?" हेच घोकणं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही गेल्यावर आम्ही आहोत की. "तसं न्हाई, ताई. भर गर्दीत बंद पडलं, न सांगता, तर? संगीता असली पाळीला तर? म्या एवढी वर्षं सांगून बंद केलं, आन् जाताना न सांगता बंद पडायचं ठिवून जायचं?" सगळी नोकरी एका बेअरिंगपाशी येऊन अडकली होती. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, कारण त्यांच्या नादानं मलाही रात्री ती कुरकुर ऐकू यायला लागली होती.

निवृत्तीच्या आधीच्या रविवारी ते म्हणाले, "नागपूरला निरोपाची मोसंबी पाठवायची. चला मंठ्याला, तुमच्या घरी बी न्या थोडी." मी आनंदानं निघाले. मला त्यांच्या घरचं माणूस बघायचं होतं. कारण साहेबांना काहीही विचारा, जेवायला या म्हणा, लग्नाला चला म्हणा, त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "घरी इचारून सांगतो." एवढ्या धाकात ठेवणारी बाई कोण, याची मला फार दिवस उत्सुकता होती.

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली साहेबांनी आल्या आल्या वाहिलेली फुलं, ओट्यावर घासून पालथी घातलेली भांडी. बाई कुठं दिसेना. म्हटलं, कुलूप लावून शेजारी गेल्या असतील. आम्ही मागं जाऊन फळं उतरवली, पोतं भरलं. उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. साहेब पुढच्या खोलीत आले, कुलूप हातात घेतलं आणि पंख्याच्या बटणावर बोट ठेवलं. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ते म्हणाले, "शकू, बंद करू का?"

ओट्यापाशी काम करणारी बाई हात पुसून 'करा' म्हणेल, एवढा वेळ ते थांबले. मग त्यांनी बटण दाबलं.

मी पाण्याचा गडू हातात धरून उभी. त्यांनी मला पाहिलं. लाजले नाहीत, दचकलेही नाहीत. "सवय हाय," म्हणाले. मग बाहेर पायरीवर बसून पोत्याचं तोंड शिवता शिवता सांगितलं. "सकाळी फोनवर बोल्ली, रातीला याल तवा पिठलं करते म्हणली. मी डोंगरावर गेल्तो. दुपारी निरोप आला. काही दुखणं न्हाई, भाणं न्हाई. सांगून न्हाई गेली, ताई. झाडं तिनंच लावलेली हायेत."

मला रडू आवरेना. आणि माझं असं आहे की रडू आलं की मी भांडायला उठते. मी म्हटलं, "साहेब, ते काही नाही. ही मोसंबी जाऊ दे ट्रॅव्हल्सनं, पण गुरुवारी तुम्ही नागपूरला जायचं. ज्यांच्यासाठी एवढं केलंत, त्यांची तोंडं तरी बघायची."

"मंग रडार?"

"मी आहे. शेख भाई आहेत."

"कुरकुर वाढली तर?"

"वाढली तर बघू. तुम्ही जायचं."

त्यांनी शेवटचा टाका घालून सुतळी तोडली. मग म्हणाले, "घरी इचारून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट काढून आले.

बुधवारी दुपारी त्यांनी मला जालना स्टेशनवरून फोन केला. गाडीत बसलो म्हणाले. त्यांचा फोन जुना, बटणांचा, त्याची बॅटरी लवकर उतरते. "आता बंद करून ठिवतो. करू का?" मी म्हटलं, करा. हे मी म्हणायला नको होतं.

कारण तिकडे नागपुरात मंगळवारीच पोतं पोचलं होतं. निरोपाचं, पण पोत्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. दारात मोसंबी दिसली आणि कंट्रोल रूममध्ये जे व्हायचं ते झालं. "आलं शटडाऊन!" गुरुवारी. घाटे मॅडमना वाटलं, आपण दोनदा नाही म्हटलं तरी हिवाळ्यानं वरून हुकूम आणला असणार, आणि भिडस्त म्हणून फोन न करता नुसती मोसंबी पाठवली. त्या भडकल्या, पण बाई कामाची. त्यांनी रजा रद्द केल्या, ट्रेनिंगची माणसं परत बोलावली, थॉमसला कंबरेचा पट्टा लावून आणलं, पायलटांना द्यायची सूचना काढली आणि तो पडून राहिलेला अर्ज पुढं घेऊन त्यावर सही ठोकली. बुधवारी संध्याकाळी मंजुरी माझ्या टेबलावर. उद्या दुपारी, पाहिजे होतं तेवढं लांब शटडाऊन.

मी साहेबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ते माझीच परवानगी घेऊन झोपले होते. मी नागपूरला फोन करून 'मॅडम, एकदम कसं काय?' असं विचारणार होते. शेख भाईंनी माझा हात धरला. "ताई, मिला हुआ है ना? मंग इचारता कामून?" मलाही ते पटलं. आम्ही रात्रीच हत्यारं काढून पुसून ठेवली.

गुरुवारी दुपारी हिवाळे साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन, पास दाखवून त्या खोलीच्या दारात उभे राहिले. पुढचं मला घाटे मॅडमनी नंतर सांगितलं. प्रत्येक खुर्चीवर माणूस, प्रत्येकाच्या मागं दुसरा उभा, समोर पट्ट्या मांडलेल्या. साहेबांना वाटलं, एवढी माणसं आपल्या स्वागताला जमली. त्यांनी हात जोडले. "जय भीम. मी हिवाळे. धावड्याचा."

 मग घाटे मॅडम म्हणाल्या, "तुम्ही इथे? अहो, मग तिकडे रडार कोण बंद करणार?"

"मी कामून बंद करू?" साहेब म्हणाले. "मी तर भेटायला आल्तो."

"मग मोसंबी?"

"ती तर निरोपाची हाय!"

आधी संगीता हसली, मग थॉमस कंबर धरून हसला, मग कोणाला आवरेना. मॅडमना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी खोलीत जमवलेल्या माणसांकडे पाहिलं. इतके दिवस शोधून जी मिळत नव्हती, ती सगळी मोसंबीच्या भीतीनं समोर हजर होती. "आता जमलीच आहेत तर," त्या म्हणाल्या, "करून टाका तुमचं बेअरिंग. लावा फोन."

फोन वाजला तेव्हा मी हातमोजे घालून तयार होते. पलीकडून साहेबांचा आवाज आला.  मग ते म्हणाले, "ताई, इचारा."

"काय विचारू?"

"बंद करायच्या आधी इचारायचं असतं."

मी विचारलं, "बंद करू का?" फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. साहेब एकेका खुर्चीपाशी जाऊन विचारत होते, संगीता, तुझं काही न्हाई ना? जोशी, तुमचं? कोणी काही सांगे, कोणी म्हणे पाच मिनिटं थांबा, एक विमान पुढं काढून देतो. तेवढं झालं. मग साहेब फोनवर आले. "करा."

मी खटका ओढला. पंजा हळू होत होत थांबला आणि डोंगरावर एकदम वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आमचं काम सोपं झालं नाही. जुनं बेअरिंग जागा सोडेना. शेख भाईंनी त्याला तापवलं, शिव्या दिल्या, त्याच्या आईबापांची आठवण काढली, तेव्हा ते निघालं. मी घामानं चिंब. राहून राहून एकच वाटत होतं, की आपल्याला उशीर झाला तर तिकडे तेवढे घसे जास्त कोरडे पडणार. साहेब हे ओझं आयुष्यभर घेऊन जगले, हे मला त्या मोटरीपाशी गुडघे टेकल्यावर कळलं. नवीन बेअरिंग बसलं, मोटर जागेवर आली, वेळ संपायच्या आत आम्ही खटका चढवला. पंजा फिरू लागला. शेख भाईंनी कान लावला आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून इतके खूष झाले की मला मिठी मारता मारता थांबले.

शटडाऊन संपलं की साहेब नेहमी एक प्रश्न विचारत. इतकी वर्षं तो प्रश्न इकडून तिकडे गेला होता. आता तो विचारायचं काम माझं. मी फोन उचलला आणि त्यांच्याच बोलीत विचारलं, "समदे दिसायलेत का?"

 पलीकडे माणसांचे बसलेले आवाज, कोणीतरी कोणालातरी 'घे, मोसंबीची फोड घे' म्हणत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"दिसायलेत, ताई. बराबर दिसायलेत. समदे." मग ते हळू आवाजात म्हणाले, "थॉमसला दाढी न्हाई. आन् घाटे मॅडम बुटक्या बिलकुल न्हाईत. माझ्याहून उंच हायेत."

मागून मॅडमचा आवाज आला, "बुटकी? कोण म्हणालं बुटकी?" आणि पुन्हा हशा.

"तिकडची कुरकुर?" साहेबांनी विचारलं.

"गेली, साहेब."

"मंग झालं," ते म्हणाले. मग सवयीप्रमाणे विचारलं, "ठेवू का आता?"

या प्रश्नाला आम्ही सगळे आजपर्यंत न ऐकताच 'ठेवा', 'करा' म्हणत आलो होतो. मंठ्याच्या घरात तर तेवढंही म्हणणारं कोणी नव्हतं.

"नका ठेवू," मी म्हटलं. "राहू द्या जरा वेळ."

"बरं," साहेब म्हणाले, आणि फोन चालू ठेवून मला एकेकाचं नाव सांगायला लागले.